बापूकाकांना डबल

"सहा इस्पिक," बापूकाका म्हणाले आणि पोह्याचा पापड असा काडकन मोडला की जणू डाव तिथंच संपला.

"पास," बाबा म्हणाले.

"पास," शैलाकाकू म्हणाली.

आता माझी पाळी. आमच्या घरात या जागी तिसरा पास येतो. कुणाला तो विचार करून म्हणावा लागत नाही. शिंक आली की आपण नाकाला रुमाल लावतो, तसा तो येतो.

मी तेरा पानं हातात धरून बसले होते. पंखा गरगरत होता. मे महिन्यातली पेणची दुपार म्हणजे खाडीवरचं वारंसुद्धा झोपायला गेलेलं असतं. स्वयंपाकघरात आई पापड तळत होती. आणि माझ्या घशात एक शब्द येऊन बसला होता, जो आमच्या घरात बापूकाकांसमोर माझ्या जन्मापासून कुणीही उच्चारला नव्हता.

तो शब्द सांगण्याआधी थोडं मागं जाते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी शिवी देणार होते.

आमच्याकडे दर रविवारी दुपारी ब्रिज चालतो. चार माणसं लागतात. समोरासमोर बसणारे दोघं एकमेकांचे भिडू. बापूकाका आणि शैलाकाकू एका बाजूला, बाबा आणि आमचे शेजारी सबनीसकाका दुसऱ्या बाजूला. बापूकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. सरकारी खात्यात पूल बांधायचे. निवृत्त झाले तरी माणसं अजून त्यांच्या सांगण्याप्रमाणे वळतात, निदान आमची तरी वळतात. माझं नाव शाल्मली कुणी ठेवलं? बापूकाकांनी. आमच्या घराला निळा रंग का आहे? बापूकाकांनी सांगितला म्हणून. आई म्हणते, घरात राहिल्यावर कळतं तो निळा किती निळा आहे.

ब्रिजमध्ये आधी बोली लागते. 'सहा इस्पिक' म्हणणारा माणूस असं सांगत असतो की इस्पिक हुकूम ठेवा, मी तेरापैकी बारा हात करून दाखवतो. म्हणजे तो फक्त एक हात हरू शकतो. इतकी उंच बोली वर्षातून चारदोनदाच लागावी. बापूकाका ती महिन्यातून चारदोनदा लावतात. आणि समोरच्याला वाटलं की याला हे जमणार नाही, तर तो म्हणू शकतो, "डबल." म्हणजे सभ्य भाषेत, 'बघू या कसे करता ते.' बोली जमली तर बोली लावणाऱ्याला जास्त गुण, फसली तर जास्त दंड.

खेळाच्या नियमात डबल आहे. आमच्या घराच्या नियमात नाही.

त्याला कारण आहे. माझ्या जन्माआधी एका गणपतीत सबनीसकाकांनी बापूकाकांना डबल केला होता. बापूकाकांची बोली फसली. त्यांनी पत्ते नीट एकावर एक रचून ठेवले, चप्पल घातली आणि पानावर वाढलेले उकडीचे मोदक तसेच सोडून ते घरी गेले. त्यानंतर पुढच्या गणपतीपर्यंत आले नाहीत. आजी तेव्हा होती. तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "माझ्या मुलाला पुन्हा कुणी डबल करायचा नाही. त्याला सहन होत नाही आणि मला मोदक टाकवत नाहीत." आजी गेली, कायदा राहिला. त्यामुळे बापूकाका वाट्टेल तेवढं उंच चढतात, कधी पोचतात, कधी पडतात, पण पडले तरी खाली गादी असते. त्यांचा स्वतःबद्दल समज असा झालाय की आपण पडतच नाही.

मी या सगळ्यात कुठं होते, तर सबनीसकाकांच्या पाठीमागच्या वेताच्या बैठ्या मोड्यावर. पाचवीपासून. मी फार बोलत नसे तेव्हा. शाळेत हजेरी घेताना 'हजर' म्हणायलासुद्धा मला आधी श्वास घ्यावा लागे, आणि बाई दोनदा मला गैरहजर मांडून मोकळ्या झाल्या होत्या. पण सबनीसकाकांना न बोलणारी माणसं आवडायची. ते पानं जरा तिरकी धरायचे, मला दिसतील अशी, आणि डाव संपला की हळूच समजावायचे.

एकदा ते म्हणाले होते, "शालू, ही एक युक्ती ऐकून ठेव. समजा शत्रू आपल्या पायांनी सहापर्यंत चढला. आणि ज्याच्या हातात काही नाही असा आपला भिडू मध्येच डबल करतो. तर तो काय वेडा झालाय?"

"नाही?"

"नाही. तो सांगतोय की नेहमीचं पान उतरू नकोस. डमीनं आधी जो रंग बोलला, शत्रूचा सगळ्यात तगडा रंग, तोच उतर. कारण त्या रंगाचं माझ्याकडे एकही पान नाही. मी हुकमानं मारतो."

डमी म्हणजे बोली लावणाऱ्याचा भिडू. तो आपली पानं टेबलावर उघडी मांडतो आणि डाव संपेपर्यंत तोंड बंद ठेवतो. आमच्याकडे डमी बहुतेक वेळा शैलाकाकूच असते.

"मग तुम्ही आणि बाबा ही युक्ती कधी करता?"

"छे. सहापर्यंत चढतो कोण? बापू. आणि बापूला डबल करायचा नाही," सबनीसकाका म्हणाले. "तुझ्या बाबाला मी केव्हाची शिकवून ठेवलीय. चांदीच्या ताटासारखी कपाटात आहे."

तर मेमध्ये सबनीसकाकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चौथी जागा रिकामी पडली. बाबा म्हणाले, "आज राहू दे मग." बापूकाका म्हणाले, "राहू कसं दे? ही पोरगी काय नुसती मोडा झिजवायला आहे? बस गं." मी बसले. बाबांच्या समोर.

आणि काही डाव झाल्यावर, पानं वाटता वाटता बापूकाकांनी लातूर काढलं.

"यशा, हिचं मी ठरवून टाकलंय. आठवीपासून फाउंडेशन. लातूर. होस्टेल, क्लास, सगळं एकाच आवारात. पाच वर्षांत पोरगी मेडिकलला."

बाबांचं नाव यशवंत. बाबा पानं लावत होते. त्यांनी एक बदाम उचलून दुसऱ्या बदामाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "बघू."

बाबांचं 'बघू' म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. निळ्या रंगालाही ते 'बघू'च म्हणाले होते.

"बघायचं काय त्यात? जागा पक्की आहे. तिथले एक मोठे सर माझ्या ओळखीचे आहेत. हा रबर संपला की मी फोन लावतो आणि हो म्हणून टाकतो." रबर म्हणजे दोन बाज्या जिंकेपर्यंतचा खेळ. एकेक बाजी झाली होती. म्हणजे पुढची बाजी बापूकाकांनी मारली की रबर संपला, आणि मी लातूरला.

मला तेव्हा काय व्हायचं होतं ते माहीत नव्हतं. पण डॉक्टर व्हायचं नाही हे मला आणि माझ्या पोटाला पक्कं माहीत होतं. त्याच वर्षी शाळेत रक्तगट तपासायला आले होते. माझ्या पुढच्या मुलीच्या बोटाला टोचलं आणि मी शेजारच्या संगीताच्या वर्गात पेटीवर पडले. पेटीतून जो आवाज निघाला त्यावरून मुलं अजून मला 'काळी पाच' म्हणतात. होस्टेलमध्ये तर मी कुणाशी बोलणार होते? तिथं हजेरीला 'हजर' म्हणायला उशीर झाला की जेवणच बंद व्हायचं.

"शालू, तुझं काय म्हणणं?" आईनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

मी तोंड उघडलं. बापूकाका म्हणाले, "तिला काय कळतंय एवढ्यात? तिच्या भल्याचं आहे." मी तोंड मिटलं. आई झारा घेऊन आत गेली, आणि त्यानंतर कढईचा आवाज जरा जास्तच येऊ लागला.

मग हा डाव वाटला गेला.

माझी पानं मी बघितली. चौकटचा एक्का. त्याच्यामागं चौकटचीच बारीकसारीक रांग. चार बदाम, त्यात एक गुलाम. इस्पिकची तीन बारकी पानं, त्यातली सगळ्यात बारकी तिर्री. आणि किलवर? किलवरचं एकही नाही. मी पानं दोनदा पसरून बघितली, कुठं चिकटून बसलंय का म्हणून. नव्हतंच.

शैलाकाकू म्हणाली, "एक किलवर."

मी पास. बापूकाका म्हणाले, "एक इस्पिक." बाबा पास. काकू म्हणाली, "तीन किलवर," म्हणजे अहो, माझ्याकडे किलवर भरपूर आहेत आणि चांगले आहेत, जरा ऐका.

मी पास. आणि बापूकाकांनी ना काकूला विचारलं की तुझ्याकडे एक्के किती, ना राजे विचारले. विचारायची पद्धत आहे, त्यासाठी वेगळी बोली असते. पण बापूकाका कुणाला विचारत नाहीत. ते सरळ म्हणाले, "सहा इस्पिक," आणि पापड मोडला.

तर आता आपण सुरुवातीला होतो तिथं आलो.

माझ्या डोक्यात हिशेब असा चालला होता. चौकटचा एक्का, एक हात. दुसरा हात कुठून आणायचा? बाबा पहिलं पान उतरणार होते, कारण ते बापूकाकांच्या डाव्या हाताला होते. त्यांनी नेहमीसारखं काहीतरी शहाणं पान उतरलं, तर मला एक हात मिळेल. मग बापूकाका हुकूम काढून घेतील आणि काकूचे किलवर एकामागून एक वाजवत बसतील. बारा हात, रबर, फोन, लातूर. पण बाबांनी किलवर उतरला, तर? तर माझी तिर्री त्यावर बसेल. इस्पिकची तिर्री आणि काकूचा किलवरचा एक्का, तिर्री जिंकेल. मग चौकटचा एक्का. दोन हात. बोली फसली.

पण शहाणा माणूस शत्रूच्या सगळ्यात तगड्या रंगात का उतरेल? सांगायचं तर एकच शब्द होता. खुणा करता येत नाहीत, डोळे वटारता येत नाहीत, 'बाबा प्लीज' म्हणता येत नाही. बोलीतच काय ते सांगायचं.

"शालू, पास म्हण, म्हणजे बाबा उतारी करतो," बापूकाका म्हणाले.

मी श्वास घेतला. हजेरीच्या वेळी घ्यायचे तसाच.

"डबल."

कढईचा आवाज थांबला. पंखा गरगरत राहिला, त्याला आमच्या घरचा कायदा माहीत नव्हता.

"काय म्हणालीस?" बापूकाकांनी विचारलं.

"डबल म्हणाली," काकू म्हणाली.

"मला ऐकू आलं, शैला."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

बापूकाकांनी पानं टेबलावर पालथी ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "रागानं डबल करू नये, बाळ. लातूरचा राग पत्त्यांवर काढायचा नाही. हा खेळ डोक्यानं खेळायचा आहे." मग त्यांनी पानं उचलली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "रीडबल."

म्हणजे तुमचा डबल मला मान्य, आता दुप्पट करा. पडलो तर चौपट दंड, जिंकलो तर चौपट मान.

बाबा म्हणाले, "पास." माझ्याकडे न बघता.

आता काकूची पाळी. काकूनं चटकन पास म्हटलं नाही. तिनं आपली पानं एकदा बघितली. मग माझ्याकडे बघितलं, चष्म्याच्या वरून. मग छताकडे. मला तेव्हा कळलं नाही की ती काय बघतेय. आता कळतं. तिच्यासमोर एक दार उघडं होतं. ती 'सहा बिनहुकमी' म्हणू शकत होती. हुकूमच नसता तर माझी तिर्री नुसती तिर्री राहिली असती, आणि बापूकाका सुखरूप पोचले असते. मी कशासाठी डबल केलाय ते तिला बरोबर कळलं होतं. इतकी वर्षं डमी होऊन बसलं की माणसाला सगळ्यांची पानं दिसायला लागतात.

"पास," काकू म्हणाली.

मी पास म्हणाले. बोली संपली. आता बाबांची उतारी.

बाबा भूमापन खात्यात आहेत. जमिनी मोजतात. दोन शेजारी बांधावरून एकमेकांच्या अंगावर कुदळी घेऊन धावले तरी बाबा शांतपणे साखळी पसरून मोजत राहतात, असं त्यांच्या ऑफिसातले लोक सांगतात. त्या दिवशी त्यांच्या हातात काय होतं ते मला नंतर समजलं. चौकटची राणी आणि चौकटचा गुलाम, शेजारी शेजारी. कुठल्याही ब्रिजच्या शिकवणीत पहिल्या दिवशी सांगतात की असं असलं तर राणी उतरायची. लहान मूलसुद्धा तीच उतरेल. आणि बापूकाका नंतर आयुष्यभर विचारू शकणार नाहीत की का रे ही उतरलीस.

बाबांनी एक पान अर्धं वर ओढलं. मला मागची बाजू दिसत होती फक्त.

"यशा, उतर आता," बापूकाका म्हणाले. "पोरीनं केला डबल, झालं. तू का एवढा विचार करतोयस? नेहमीचं उतर."

बाबांनी ते पान परत आत ढकललं.

मी काय करत होते सांगू? मी पापडाकडे बघत होते. ताटलीतल्या पापडावर जेवढे फोड होते ते सगळे मी पाठ केले असतील. कारण बाबांकडे बघितलं असतं तर माझ्या तोंडावर लिहिलं गेलं असतं 'किलवर, किलवर, किलवर', आणि ती लबाडी झाली असती, आणि बापूकाकांनी ती पकडली असती.

बाबांच्या मनात काय चाललं असेल त्याची मला कल्पना होती. दोनच शक्यता होत्या. एक, पोरीला सबनीसांची युक्ती माहीत आहे आणि ती मला काहीतरी सांगतेय. दोन, पोरगी लातूरच्या नावानं चिडलीय आणि जे सापडलं ते काकांच्या अंगावर फेकतेय. आणि बाबांना हे माहीत नव्हतं की सबनीसकाकांनी मला ती युक्ती शिकवलीय. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मी कुणाला काही सांगतच नसे.

आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात झारा तसाच, तेल ठिबकत.

बाबांनी एक पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. हळूच. भांडणाऱ्या शेजाऱ्यांच्या मधे ते खुणेचा दगड ठेवतात तसं.

किलवरची सत्ती.

"किलवर?" बापूकाका म्हणाले. "शैलाच्या रंगात? अरे, ये ये. घरी बोलावल्यासारखं झालं." काकूनं आपली पानं मांडली, आणि ती किलवरची रांग बघून मला स्वतःलासुद्धा जरा वाईट वाटलं. एक्का, राजा, गुलाम आणि मागं वरात. बापूकाका खुर्चीत मागं रेलले. "एक्का घे गं."

काकूनं एक्का पुढं केला.

मी इस्पिकची तिर्री त्याच्यावर ठेवली.

मग मी चौकटचा एक्का ठेवला. बापूकाकांकडे चौकटचं एकच पान होतं, एकटी पंजी, बिचारी. तिनं मुकाट्यानं एक्क्याखाली मान घातली. दोन हात झाले. बाकीचे अकरा बापूकाकांनी घेतले, एकेक पान जोरात आपटत, पण अकरा म्हणजे बारा नव्हेत.

"यशा," शेवटचं पान पडल्यावर बापूकाका म्हणाले, "तुझ्याकडे चौकटची राणी-गुलाम होती."

"होती."

"मग किलवर कशाला उतरलास?"

"शालूनं डबल केला ना," बाबा म्हणाले.

"अरे, ती लहान आहे. तुक्का लागला तिचा."

"लागला असेल," बाबा म्हणाले.

मला चप्पल दिसायला लागली. बापूकाकांची चप्पल, दारातली, आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत न येणारे बापूकाका. बहुतेक आईलाही तेच दिसत असावं, कारण तिनं पापडाची ताटली घाईनं त्यांच्यापुढं सरकवली. पण बापूकाका उठले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "ठीक आहे. पत्ते पत्त्यांच्या जागी. हे काम करून टाकू, मग पुढचा डाव. लातूरला फोन लावतो."

त्यांनी चष्मा वर केला. फोनवर बोट फिरवायला लागले. वर, खाली, परत वर.

"नंबर कुठल्या नावानं आहे?" काकूनं विचारलं.

"सापडेल."

"नाही सापडणार. तुम्ही घेतलाच नव्हता."

"शैला, तू बोलू नकोस मधे."

"डमीनं डाव चालू असताना बोलायचं नसतं," काकू म्हणाली. तिनं समोरचे पत्ते गोळा केले, टोकं जुळवली. "डाव संपला आता." मग ती आईकडे वळली, जणू भाजीची पाककृती सांगतेय. "अगं, त्या प्रधानांच्या मुलाच्या लग्नात पंगतीत यांच्या शेजारी एक जण बसले होते, लातूरचे. हे म्हणाले, 'पुतणीला तुमच्याकडे पाठवू का?' ते म्हणाले, 'पाठवा की.' आणि जिलबी वाढायला आली. ओळख एवढीच. ते सर होते की नवऱ्याकडचे आचारी, तेही आम्हाला ठाऊक नाही."

"आचारी पंगतीत बसेल का?" बापूकाका म्हणाले.

"मग सर असतील. नाव काय त्यांचं?"

बापूकाकांनी पापड उचलला. मग परत ठेवला. त्यांच्याकडे पुलांची सगळी नावं होती, खांबांचे आकडे होते, पण या नावाची बोली त्यांनी पानं न बघताच लावली होती.

"जागा मिळाली असती," ते म्हणाले. "मी बोललो असतो तर मिळाली असती."

"दादा," बाबा म्हणाले.

बाबा जेव्हा 'दादा' म्हणतात तेव्हा पुढं 'बरोबर आहे तुझं' येतं. आम्ही सगळे त्याची वाट बघत थांबलो.

"ती इथंच राहील. आपल्या शाळेत. डॉक्टर व्हायचं की नाही ते तिला विचारू."

"विचारू म्हणजे कधी?"

"आत्ता," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

मी म्हणाले, "मला रक्त बघून उलटी होते." कुणी काही बोलेना, म्हणून मी अजून बोलले. पेटीवर पडले ते सांगितलं, 'काळी पाच' सांगितलं, हजेरीचं सांगितलं, आणि एकदा सुरू झाले तर होस्टेलच्या भाजीबद्दलही बोलले, जी मी बघितलेलीसुद्धा नव्हती. आई म्हणते तेव्हापासून मी थांबलेच नाहीये.

बापूकाकांनी सगळं ऐकून घेतलं. चप्पल घातली नाही. शेवटी म्हणाले, "पेटीवर पडलीस? पेटीला काही झालं नाही ना?" आणि मग पत्त्यांकडे बोट दाखवलं, "वाटायची पाळी कुणाची? का आजचा दिवस पोरीच्या भाषणातच घालवायचा?"

संध्याकाळी ते सबनीसकाकांना बघायला गेले. सबनीसकाका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. बापूकाकांनी दारातूनच विचारलं म्हणे, "सबनीस, पोरीला काय काय शिकवून ठेवलंयस ते एकदाचं सांगून टाक, म्हणजे मला सावध राहता येईल."

आता मी दहावीत आहे. सबनीसकाका पुन्हा बाबांसमोर बसतात, आणि मी बापूकाकांसमोर. हो, त्यांच्यासमोर. ती जागा काकूनं स्वतःहून सोडली. म्हणाली, "माझे डोळे दुखतात." तिचे डोळे उत्तम आहेत, ती खिडकीत बसून सगळ्यांची पानं बघते आणि हसते. बापूकाका अजूनही उंच चढतात, पण चढण्याआधी मला एक्के किती ते विचारतात. विचारताना असं तोंड करतात की जणू औषध घेतायत.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच. गेल्या रविवारी बाबा आणि मी पत्ते आवरत होतो. पंजी हातात आली, चौकटची, आणि मला तो डाव आठवला. मी विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्हाला कसं कळलं की मला ती युक्ती माहीत आहे?"

"कुठली?"

"सबनीसकाकांची. किलवर उतरायची."

बाबांनी पत्त्यांची टोकं जुळवली. "मला नव्हतं माहीत."

"मग?"

"मला वाटलं, तू रागानंच डबल केलास."

अडीच वर्षं मी असं समजून चालले होते की माझ्या बाबांनी माझं डोकं ओळखलं.

"रागानं केला असं वाटलं, तरी चौकटची राणी सोडलीत? आणि मी खरंच रागानं केला असता तर?"

"तर दादाचे बारा हात झाले असते," बाबा म्हणाले. "ते काय, नेहमीच होतात." त्यांनी पत्त्यांचा जोड डब्यात घातला, झाकण लावलं. "पण तू पहिल्यांदा काहीतरी बोलली होतीस. आणि मीच ते न ऐकल्यासारखं करून चौकट उतरायची?"